मागे राहणाऱ्या बाईचे नाव

मी, करुणा शांतवन उजागरे, वय एकाहत्तर, धर्म ख्रिस्ती, धंदा शिवणकाम, राहणार कांजूरमार्ग पूर्व, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. जो धाक आहे तो माझ्याच मनातला आहे, आणि तो मोठा आहे.

१. माझी खोली, बँकेतली ठेव आणि शिलाई मशीन भाची तेजल हिला मिळावे. मशीन तिने विकले तर मला कळणार नाही, तरी विकू नये.

२. नणंद शुभा माझी पितळी परात "चार दिवसांत देते" म्हणून घेऊन गेली. ती तिच्याकडेच राहू द्यावी. मी माफ केले आहे, पण परात माझी आहे हे इथे नमूद करते.

३. मृत्युपत्राची घाई का, ते सांगते. गेल्या रविवारी प्रार्थनेला उशिरा पोचले. दाराशी सगळ्यांच्या चपला, आत पंखे चालू, आणि माणूस एकही नाही. प्रभू येशू परत येईल आणि विश्वास ठेवणाऱ्यांना जिवंतपणीच वर घेऊन जाईल, असे आम्ही मानतो. प्रभू आला, आपल्या लोकांना घेऊन गेला आणि मला ठेवून गेला, असे वाटून मी रडत घरी आले. मंडळी अनवाणीच गच्चीवर फुटलेली टाकी बघायला गेली होती, हे नंतर कळले.

घरी आले तेव्हा शेजारची द्रौपदी जोंधळे दारात लसूण सोलत होती. तिला बघून हायसे वाटले, आणि लगेच जास्तच भीती वाटली. ही तर खरोखरच मागे राहील.

४. म्हणून मृत्युपत्र अंमलात आणायला मी द्रौपदीचे नाव घातले. प्रभू येईल त्या दिवशी तेजल, पास्टर, आमच्यातले कोणीच इथे नसेल. तेव्हा खोलीही तिनेच घ्यावी, असेही लिहिले.

मसुदा तिला वाचून दाखवला. तुझ्या चर्चमधली एवढी माणसे सोडून मीच का, असे तिने विचारले. मला खोटे बोलता आले नाही, खरे कारण सांगून टाकले. तिच्या आजोबांनी बौद्ध धम्म विचार करून घेतला होता, ती असल्या गोष्टींना भिणारी नाही. ती म्हणाली, "म्हणजे तू जाणार नि मी राहणार, हे ठरवूनच टाकलंस. एवढी वर्षं शेजारी आहेस, एकदा तरी बोलायचंस ना गं."

तू चिडशील, बोलणे टाकशील, म्हणून भ्याले, असे मी सांगितले.

"तो येणार म्हणून घाबरतेस. तो आहे कसा, ते कधी सांगितलंस मला? ते सांग. नाही पटलं तर तोंडावर सांगेन."

तिचे नाव मी खोडले आहे. खाडाखोड माझीच, बाजूला सही केली आहे. जिच्यावाचून मला एक दुपार करमत नाही, तिला मागे राहणाऱ्यांत मी माझ्या हाताने घालणार नाही. मला मरण आले तर तेजलने बघावे. प्रभू आला तर कोणी बघावे, ती जागा कोरी ठेवली आहे. तेव्हा इथे कोणी उरूच नये.

द्रौपदी आज चार वाजता चहाला येणार आहे. सुरुवात कुठून करावी कळत नाही. प्रभू, लवकर ये म्हणून आयुष्यभर प्रार्थना केली. आज संध्याकाळपर्यंत तरी थांब.

सही: करुणा शां. उजागरे
साक्षीदार: नीलम भालेराव, भीमराज शिरसाट
कांजूरमार्ग, मुंबई. १२ फेब्रुवारी २०२५