तीन शब्दांचं रशियन

३ नोव्हेंबर, रविवार
ठरलं. रशियन शिकणार.
परवा दुकानात एक गोरी बाई आली. पांढरी शेवंती, सहा. बोटं दाखवून मागितली. सोबतची कामवाली म्हणाली, "डॉक्टरसायबाची बायको हाय. रशियाची. हिंदी बी येत नाही तिले." कोणता डॉक्टर विचारलं, तर त्याचंच नाव. देठ जरा जास्तच आखूड कापले गेले.
सात वर्षांपूर्वी तिवसाला आमच्या अंगणात लग्न ठरून साक्षगंध झालं होतं, त्याचं आणि माझं. मग तो डॉक्टर व्हायला रशियात गेला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या आईने अकोल्यापासून तिवसापर्यंत सांगत सुटावं, "पोरीले फिट येते." मला आयुष्यात कधी चक्करसुद्धा आली नाही. त्यानंतर तीन स्थळं दारातून परत गेली. आणि हा तिकडे लग्न करून मोकळा. आता अमरावतीत दवाखाना टाकलाय म्हणे. इथलं हे फुलांचं दुकान आम्ही नंतर घेतलं, त्याला ठाऊक नाही.
तिला सांगणार. माझ्या तोंडाने, तिच्या भाषेत. मोबाईलला बोलायला लावता येतं, पण मग तो म्हणेल, मशीन चुकलं.

१० नोव्हेंबर, रविवार
बडनेऱ्याहून पॅसेंजरने अकोला. आईला सांगितलं, गुलाबाची कलमं बघायला जाते.
रशियन शिकवणारे सर म्हातारे आहेत. तरुणपणी कारखान्याने दोन वर्षं रशियात ट्रेनिंगला धाडलं होतं. आधी अक्षरं. आपल्या इंग्रजीतला पी दिसतो तो त्यांचा र, एच दिसतो तो न. डोकं फिरलं.
मग वाक्य. या चितायू क्निगू. मी पुस्तक वाचते. सर म्हणाले, "पुस्तक नुसतं पडून हाय तर क्निगा. वाचाले घेतलं का क्निगू. शेपूट बदलते." आणि 'आहे' म्हणतच नाहीत ते लोक. मी डॉक्टर. झालं वाक्य.
मी म्हटलं, सर, पुस्तक राहू द्या. मला एकच वाक्य पाहिजे. तो मला खोटं बोलला.
चष्म्यावरून पाहिलं त्यांनी. "तो म्हंजे कोन?"
"वाक्यातला तो."
पुढे विचारलं नाही. भला माणूस.

१७ नोव्हेंबर, रविवार
मिळालं.
ओन - तो.
म्न्ये - मला.
सव्राल - खोटं बोलला.
शब्द मागेपुढे केले तरी अर्थ तोच राहतो, कारण प्रत्येकाचं शेपूट त्याच्यापाशी असतं. सर म्हणाले, "म्न्ये म्हंजे आपलं मले. घरचीच भाषा समज." बाई खोटं बोलली तर सव्राला, शेवटी ला. हे त्याच्या आईसाठी राखून ठेवलं.
गाडीत बडनेऱ्यापर्यंत तीन शब्द घोकले. समोरच्या बाईला वाटलं जप चाललाय.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
आली. पुन्हा सहा पांढरी. नाव लेना, कामवाली म्हणाली. दर शुक्रवारी येणार असं दिसतं.
वाक्य ओठांवर होतं. तिथेच राहिलं. आतल्या बाजूला दोन शिळी फुलं घातली, कडा तपकिरी झालेली. तेवढंच बरं वाटलं.
ती "स्पसीबा" म्हणून हसून गेली. हसते कशाला.

१ डिसेंबर, रविवार
सरांना सहज सांगितलं, गिऱ्हाईक आहे, नेहमी सहाच फुलं नेते.
सर गंभीर झाले. "जिवंत माणसाले ते लोक तीन देतात, पाच देतात, सात देतात. दोन, चार, सहा मयताले. तिचं कोनी गेलं असंल."
गेली याला शब्द विचारला. उमिर्ला. बाई गेली म्हणून शेवटी ला.
कोण गेलं असेल? आई? शिळ्या फुलांचं वाईट वाटलं. मग स्वतःचाच राग आला. माझं वाईट कोणाला वाटलं होतं?

१३ डिसेंबर, शुक्रवार
ताजी दिली. सहा. बोलले नाही. तीन शब्दांना एवढा वेळ लागतो का कोणाला.

१० जानेवारी, शुक्रवार
बोलले.
आज लेना एकटीच होती. मी फुलं बांधली, हातात दिली नाहीत. तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, ओन म्न्ये सव्राल. आधी तिला आनंदच झाला, कोणी तिच्या भाषेत बोललं म्हणून. मग मी त्याचं नाव घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. आणि माझ्या बोटातली साक्षगंधाची अंगठी दाखवली. मुद्दाम घालून बसत होते इतके शुक्रवार.
तिने अंगठी पाहिली. मला पाहिलं. पर्समधून फोन काढला. फोनमध्ये एका फोटोचा फोटो. हिरवी साडी, मुंडावळ्या नाहीत, साक्षगंधाच्या पाटावर बसलेली मी. फोटोपुढे पेल्यात पांढरी शेवंती. सहा.
फोटोतल्या मला बोट लावून म्हणाली, "उमिर्ला." मग परत, प्रश्नासारखं, "उमिर्ला?"
मी मान हलवली. नाही.
तिने जुडीतलं एक फूल ओढून माझ्या हातात दिलं आणि पाच घेऊन गेली.

११ जानेवारी
झोप नाही. त्याच्या आईने मला फिट आणली, लेकाने बायकोला सांगताना मला मारूनच टाकलं. आणि ही परकी बाई इतके आठवडे माझं सुतक पाळत होती, माझ्याच दुकानातून फुलं घेऊन. दोन शिळी.
तिच्यावरचा राग गेला. बाकीचा दुप्पट झाला.

१५ जानेवारी
लेना आली. पत्रिका ठेवली काउंटरवर. तिच्या सासूचं हळदीकुंकू, शुक्रवारी, नव्या घरी. "प्रिखदी," म्हणाली. घरी कोणाला काही बोललेली नाही, एवढं हातवाऱ्यांनी कळलं. डोळे सुजलेले.
सरांना फोन केला. "प्रिखदी म्हंजे ये. तुमी या, असं नाही. जवळच्या माणसाले म्हनतात तसं, ये. कावून, काय झालं?"
काही नाही म्हटलं.

१७ जानेवारी, शुक्रवार
सवाष्णींच्या कार्यक्रमात माझं काय काम, असं दोनदा मनात आलं. पण मेलेल्या बाईला दारात कोण अडवणार.
ट्रंकेतली हिरवी साडी काढली. फोटोतलीच. ब्लाउज उसवून घ्यावा लागला. अंगठी आहेच. सव्राला, ती खोटं बोलली, तीनदा म्हणून पाहिलं, जिभेवर बसलंय.
लेनाच्या सासूबाईंसाठी शेवंतीची जुडी बांधली. पांढरी, ताजी, एकही शिळं नाही. सहा. त्या घरात फुलं मोजून बघणारी एकच बाई आहे, लेना, आणि ती दाराशी उभी राहणार आहे.
आई विचारते आहे, एवढी नटून कुठं चालली. ऑटो आला.