दुसऱ्यायच्या पोरीयसाठी

२४ सप्टेंबर, रविवार
आज पुन्हा सासूले खोटं बोलली. आत्याबाईनं विचारलं दीपमाला कुठं आहे, मी म्हटलं सदर बाजारात, ब्लाउजपीस पाहून राहिली. माही नणंद होती बूढापाऱ्यात, क्षमाच्या खोलीवर. मैत्रीण म्हणून नाही. दोघीयले लग्न करून राहाचं आहे एकमेकीसंगं. घरात मले एकटीलेच माहीत. काहून सांगितलं दीदीनं मले!

मागं टीव्हीवर तसली बातमी आली तर माहा नवरा विकी म्हणे, "ऐसों को घर में घुसने नहीं दूँगा, और जो छुपाएगा उसको भी।" माह्याकडे पाहून म्हटलं. का मलेच तसं वाटलं. माय-बाप गेले माहे. अनु आठ महिन्याची. नवऱ्यानं काढलं तर कुठं जाऊ पोट्टीले घेऊन?

२६ सप्टेंबर
अनुले दात येऊन राहिले. ती रडते, मीही.

१ ऑक्टोबर, रविवार
विहारात सभा झाली. बाईचं बाईसंगं, माणसाचं माणसासंगं लग्न कायद्यात बसावं का, त्याचा कोर्टाचा फैसला येणार आहे म्हणे. विहारानं कोण्या बाजूनं राहाचं ते ठरवायचं होतं. एक पास्टरही आले होते, त्यायच्या चर्चची मंडळी बाजूनं आहे. ते हिंदीत म्हणे, सगळेच धर्मवाले विरोधात नाहीत, हे दिसलं पाहिजे.

शालिग्राम भाऊ म्हणे, मंग वर कोणाले म्हणाचं आन् वधू कोणाले? पोट्टे हसले.

मंग मामाजी उठले. माहे सासरे बौद्धाचार्य आहेत, आमच्या वस्तीतले सगळे लग्न तेच लावतात. म्हणे, आपण पत्रिका सोडली, मुहूर्त सोडला, तेव्हाही लोक हसलेच. आपल्या लग्नात उरलं काय? दोघायनं घेतलेल्या प्रतिज्ञा. "मान ठेवीन, धोका देणार नाही. दोघी बाया हे म्हणतीन तर जिभेले टोचते का?"

आन् हात वर केला. मंग एकेक करत भल्ले हात वर झाले. आत्याबाईचाही. विकी नव्हता, सिलतऱ्याच्या कारखान्यात ड्युटीवर होता.

मले रडू आलं. म्हणजे मामाजीले माहीत आहे! बाप आहे, कळलंच असन.

२ ऑक्टोबर
काय करून बसली मी.
चहा देता देता म्हटलं, मामाजी, दीदी आन् क्षमासाठी तुम्ही बोलले, भल्लं मोठं मन तुमचं. त्यायची बशी तोंडापाशीच थांबली.
"कोण क्षमा?"
त्यायले काहीच माहीत नव्हतं. ते तसेच बोलले होते, जे खरं वाटलं ते.
आता मागं घेता येत नाही. सगळं सांगितलं. ओरडले नाहीत. चप्पल घालून गेले. चहा तसाच.

३ ऑक्टोबर
दीदीले सांगितलं. ती म्हणे, "भाभी, ये क्या कर दिया।" दिवसभर माह्याकडे पाहिलं नाही.

८ ऑक्टोबर
मामाजीनं गोंदियाच्या पाहुण्यायले दिवाळीनंतर दीदीले पाहाले बोलावलं. पोट्टा रेल्वेत आहे. दीदी जेवलीच नाही.

मी विचारलं, मामाजी, तुम्हीच तर विहारात हात वर केला होता.
खाली पाहून म्हणे, "दुसऱ्यायच्या पोरीयसाठी केला होता, बेटा."
विकीले सांगितलं का, ते विचारायची हिंमतच झाली नाही.

११ ऑक्टोबर
विकी घरी आला का मी त्याचं तोंड पाहते. अजून तरी माहीत नसन. का माहीत आहे आन् बोलून नाही राहिला?

१७ ऑक्टोबर, मंगळवार
कोर्टानं नाही म्हटलं. असं लग्न कायद्यात नाही बसत.
विकी म्हणे, अच्छा हुआ.
मामाजीनं टीव्ही बंद केला. "काय चांगलं झालं? सांग ना." विकी उठून बाहेर गेला. दीदी न्हाणीत नळ सोडून बसली होती. मामाजी दारापाशी गेले. उभे राहिले. तसेच परत आले.

२९ ऑक्टोबर, रविवार
काल पावसाळ्यातला वर्षावास संपला, आता पुन्हा लग्न लागतीन. आज विहारात शालिग्राम भाऊनं आपल्या पोट्ट्याच्या लग्नाची तारीख मागितली. मामाजी म्हणे, मी नाही लावत. काहून, म्हणून सगळेच विचारायले लागले. विकी माह्या बाजूलेच उभा, अनु त्याच्या कडेवर.
मामाजी म्हणे, "आधी माह्या दीपमालाचं. क्षमासंगं."