न मिळालेला वन्स मोअर

सावेडी, २ एप्रिल २०२५

चि. कल्याण यास अनेक आशीर्वाद.

तुझा फोन कायम स्पीकरवर आणि आण्णा कायम शेजारी, म्हणून सख्ख्या भावाला पत्र लिहिते आहे. जत्रेतल्या नाटकात आण्णांनी एकच पद गायचं आणि तेही एकदाच, असं हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलंय. पण वन्स मोअर आला की आपले वडील पद पहिल्यापासून धरतात. मागच्या वर्षी तिसऱ्या वन्स मोअरनंतर ते विंगेत मटकन बसले, ते आपण दोघांनी पाहिलंय. तेव्हा गावात गुपचूप सांगून ठेव, की यंदा कुणी वन्स मोअर द्यायचा नाही. आण्णांना कळू देऊ नकोस. परीक्षेच्या ड्युटीमुळे मला येता येत नाही.

हे त्यांच्या जिवासाठी करते आहे की माझ्या झोपेसाठी, हे वहीत दोनदा लिहून खोडलं.

माया आहेच, धाकही असू दे.
तुझी ताई, सुकन्या

मिरजगाव, ८ एप्रिल

ती. ताईस सा. न.

तुझं काम केलं. पुंजारामकाका आधी म्हणाले, तुझी ताई डॉक्टर कवा झाली? मग त्यांनीच घरोघर निरोप दिला. रंगुआत्या तर तोंडात पदर कोंबून बसली. आण्णा लई सुरेख गायले. पद संपलं आणि अख्खा मांडव गप. टाळीसुद्धा नाही, टाळी वाजली की तोंडातनं वन्स मोअर निघतोच, अशी काकांची ताकीद होती. आण्णा बराच वेळ लोकांकडे बघत उभे राहिले. घरी आल्यापासून पेटी उघडलेली नाही. आता तूच काय ते लिही. माझ्याच्यानं होत नाही.

तुझा, कल्याण

मिरजगाव, १० एप्रिल

चि. सौ. सुकन्या हिस आशीर्वाद.

बावन्न वर्षांत पहिल्यांदा माझं पद वन्स मोअरविना गेलं. आवाज गेला, हे गावानं न बोलता सांगितलं. पेटी श्रीरामपूरच्या आदिनाथला देतो आहे, त्याची मुलगी शिकते. वीस तारखेला, रविवारी टेम्पो येईल. तू याच पेटीवर शिकलीस, म्हणून आधी कळवलं. जेवण बेताचं जातं. काळजी नसावी.

तुझे आण्णा

सावेडी, १४ एप्रिल

ती. आण्णांस शि. सा. न.

तुमचा आवाज गेलेला नाही. गावाला गप्प मी बसवलं. एकदाच गा, असं तुम्हाला तोंडावर सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून चारशे माणसांच्या तोंडाला कुलूप लावलं. तुमचं हृदय सांभाळायला गेले आणि घाव तिथेच घातला. आता जेवण बेताचं जातं म्हणता, तेही माझ्यामुळेच. रागवा, पण पेटी देऊ नका.

तुमची माया मागायलाही आज संकोच वाटतो.
सुकन्या

मिरजगाव, १७ एप्रिल

चि. सौ. सुकन्या हिस आशीर्वाद.

तुझं पत्र पुंजारामला मोठ्यानं वाचायला लावलं. तो मान खाली घालून म्हणाला, सहादेवा, जीभ चावून रगत आलं हुतं. मला राग आला आणि तो अजून आहे. मला विचारलं असतंस तर मी एकदाच गायलो असतो का? बहुधा नसतो, हेही खरं.

टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवलं. त्याऐवजी रविवारी तू ये. डॉक्टरांनी मला दोनदा गायला बंदी केली आहे, ऐकायला नाही. तेच पद तू म्हणायचं. लहानपणी अंतऱ्यात घाई करायचीस तशी केलीस, तरी वन्स मोअर मी देणार. आणि तो तुला घ्यावा लागेल.

पेटी पुसून ठेवली आहे.
आण्णा