मांडी घातल्याशिवाय ताट नाई

अहमदाबाद, १९५६

रोहण्याच्या वयनीले दौलतचा रामराम,

तरी बी म्हणतो, तुमची जिद्द वाईटच होती. कबड्डीत माहा गुडघा उखडला, तवा माय खाटेवर जेवाले देत होती. तुमी मात्र ताट चुलीपाशीच ठेवलं. “मांडी घाला भाऊजी, मंगच भाकर. पाय अकडला त जलमभर अकडन.” मी रडलो, शिव्या देल्या, तुमी हलल्या नाई.

काल मिलच्या टीमकडून चढाईले गेलो. दोघांनी तोच गुडघा धरला. तो वाकला, पण तुटला नाई, अन् मी रेघेले शिवलो. साहेबानं नोकरी पक्की केली.

दादाले मात्र ‘आता खेळत नाई’ असा शब्द देऊन आलतो. तुमाले पत्र तेच वाचून दाखवतात, म्हणून हे टाकत नाई. तुमच्या नावानं निस्ती मनीऑर्डर करतो, रुपये पंधरा.

तुमचा देवर,
दौलत