पंखा एकावर

३ एप्रिल

आजपासून रोजनिशी. कारण तसंच आहे. नोकरीला पंचवीस वर्षं पूर्ण होताहेत. आमच्या विमा कंपनीत अशा माणसाचा फोटो काढून कॉरिडॉरमध्ये लावतात. कायमचा. फोटो पुढच्या महिन्याच्या बावीस तारखेला, माझ्याच टेबलापाशी, सगळ्या सेक्शनसकट. म्हणजे तयारीला भरपूर वेळ आहे.

केसांची स्थिती आज आरशात नीट तपासली. उत्तम. भांग डावीकडे, जरा खाली, कानाच्या अंगाला. तिथून केस उजवीकडे नेले की डोकं भरलेलं दिसतं. कपाळ थोडं रुंद झालंय, हे मान्य. रुंद कपाळ हे बुद्धीचं लक्षण. फोटोपर्यंत फक्त दाटपणा वाढवायचा आहे.

संकल्प: रोज कांद्याचा रस. रोज सकाळी भिंतीला टेकून डोकं खाली, पाय वर. चिडायचं नाही. चिडल्याने केस गळतात असं वाचलं.

४ एप्रिल

चिडलो. इलाजच नव्हता.

संध्याकाळी घरी आलो, बायकोने दार उघडलं, आणि वेणी नाही! केस मानेपर्यंत. कमरेच्या खाली यायची तिची वेणी. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं, म्हणजे खरं तर वेणीलाच पाहिलं. न विचारता, न सांगता कापून आली.

का, तर उकडतं. अगं, उकडतं म्हणून कोणी केस कापतं का? पंखा लावायचा! ती म्हणाली, लावलेलाच आहे. हो, आहे ना. एकावर! आमचा रेग्युलेटर एकाच्या पुढे जात नाही. कित्येक वर्षं हेच. मी दुरुस्त करायला उठलो की ही ओरडते, हात लावू नका, शॉक बसतो. कन्याही तेच सांगते. बोलाव म्हटलं माणूस, तर म्हणे येतच नाही कोणी. असला माल विकणाऱ्या कंपनीला कोर्टात खेचलं पाहिजे.

मी म्हणालो, लोकांना केस असतात आणि ते कापून टाकतात, आणि इथे... पुढचं वाक्य पूर्ण केलं नाही. ती फक्त म्हणाली, हलकं वाटतंय. जेवताना मी एक अक्षर बोललो नाही. तिच्या ते लक्षात आलं की नाही, कळलं नाही.

९ एप्रिल

कांद्याच्या रसाने फरक पडतोय. डोकं चुरचुरतं, म्हणजे मुळं जागी होताहेत. कन्या नाकाला रुमाल बांधून अभ्यासाला बसते. नाटकी कार्टी. बायकोने माझी उशी बाल्कनीत नेऊन ठेवली. मी विचारलं, उशीनेच जायचं की मीही? ती म्हणाली, तुमची मर्जी.

पाय वर करताना स्टँडचा दिवा पडला. दिव्याची जागाच चुकीची आहे. मान धरली आहे. आठवडाभर उजवीकडे बघता येणार नाही. डावी बाजू तशीही चांगली.

१३ एप्रिल

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. अजून उतरली नाही.

सलूनवाल्याकडे गेलो. कॉलेजात होतो तेव्हापासून त्याच्याकडेच जातो. उजवी बाजू झाली, डाव्या बाजूला आला आणि थांबला. आरशातून माझ्याकडे बघून म्हणाला, साहेब, एकदा सगळेच बारीक करून बघू या का? आहेत ते चांगले दिसतील.

आहेत ते! मी म्हणालो, तुझं काम कात्री चालवायचं, जीभ नाही. उठलो आणि तडक बाहेर पडलो. कोपऱ्यावर लोक बघायला लागले तेव्हा कळलं, गळ्यात त्याचं कापड तसंच होतं. परत मी जाणार नाही. कापड कन्येच्या हाती पाठवलं.

अर्धवट डोकं घेऊन नव्या पार्लरमध्ये गेलो. तिथली मुलगी फार अदबीची. म्हणाली, सर, डावीकडचे हे एवढे लांब केस चुकून राहिलेत वाटतं, आणि कात्री उघडली. वेळीच किंचाळलो. सगळं पार्लर माझ्याकडे बघत होतं. या धंद्यात शिकलेली माणसं उरलेली नाहीत.

२१ एप्रिल

ऑफिसात भट्टी आहे नुसती. माझ्या टेबलाच्या बरोबर वरचा, छताचा पंखा चार वर्षं बंद. आमच्या खोलीला तो एकच पंखा.

तसा त्या पंख्याचा मला एकदा त्रास झाला होता. मोठे साहेब समोर उभे होते आणि वाऱ्याने माझे केस जरासे हलले. मी तत्काळ डोक्यावर फाइल धरली, ऊन येतंय अशा आविर्भावात. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. त्याच आठवड्यात पंखा बिघडला, योगायोग. तेव्हा मीही फार पाठपुरावा केला नाही.

पण आता प्रश्न फोटोचा आहे. घामाने केस एकमेकांना चिकटतात, त्यांच्या दोऱ्या होतात आणि मधून उजेड दिसतो. दाटपणाला बाध येतो. वाऱ्याची आता भीती नाही, कारण नवा स्प्रे आणला आहे. डब्यावर स्वच्छ लिहिलंय, वादळातही केस जागच्या जागी. तेव्हा बावीस तारखेच्या आत पंखा चालू झालाच पाहिजे.

मोठ्या बाईंना विचारलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या सेक्शनमधल्या सगळ्यात जुन्या, माझ्याही आधीच्या. म्हणाल्या, साहेब, तक्रार तर मी सारखी करते. आणि पंख्याने कागद उडतात हो. मी म्हणालो, कागद उडाले तर वजन ठेवू, माणसं शिजवणार का?

मार्चमध्ये बदलून आलेली नवी बाई पहिल्याच दिवशी मोठ्याने विचारत होती, पंखा का नाही लावत? मोठ्या बाईंनी तिला कॉरिडॉरमध्ये नेलं, दोन मिनिटं काहीतरी बोलल्या. तेव्हापासून ती मुकाट्याने फाइलने वारा घेते. माझ्या सेक्शनला शिस्त आहे ती अशी.

२ मे

मेंटेनन्सवाल्यांना लेखी कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं. तुमच्या सेक्शनकडून चार वर्षांत पंख्याची एकही तक्रार आलेली नाही.

चोराच्या उलट्या बोंबा! पंचवीस वर्षं लोकांचे क्लेम तपासतोय. जळालेल्या दुकानाचा फोटो बघून सांगतो, आग लागली की लावली. खोटं मला वासावरून कळतं. तेच उत्तर मोठ्या बाईंना वाचून दाखवलं. त्यांचा चेहराच उतरला. साहजिक आहे, प्रामाणिक बाई. मी म्हणालो, तुम्ही काळजी करू नका, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. त्यांनी मान खाली घातली.

मेंटेनन्सवाल्यांना फोनवर असं झापलं की पलीकडच्याने रिसीव्हर लांब धरल्याचं ऐकू आलं. बावीस तारखेला सकाळी माणूस पाठवतो म्हणाला.

११ मे

माझ्याविरुद्ध कट शिजतोय. जळतात सगळे.

शिपाई म्हणतो, साहेब, तुमचं टेबल खिडकीकडे सरकवू का, फोटो तिकडे छान येईल. नवी बाई म्हणते, जिन्यावर काढू या, रांगेने उभं राहता येईल. मोठ्या बाई तर म्हणाल्या, फोटो आधी होऊन जाऊ द्या, पंख्याचं नंतर बघू. चार वर्षं घाम पुसणारी माणसं, आणि पंखा येतोय म्हटल्यावर एकेकाच्या पोटात गोळा! मी बजावून सांगितलं. फोटो माझ्या टेबलापाशीच, पंखा चालू, आणि ज्याला हे पसंत नसेल त्याने त्या दिवशी रजा घ्यावी. कोणीही रजा मागितली नाही. एवढी जरब अजून आहे.

कांद्याचा रस बंद केला. कांदाच कमअस्सल होता.

२२ मे, सकाळ

स्प्रेचा अख्खा डबा संपवला. टकटक वाजवून पाहिलं. लाकूड. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, फोटोच्या वेळी पंखा नका लावू हं. हिलाही फितवलंय की काय?

२२ मे, संध्याकाळ

लिहिण्यासारखं काही नाही.

तरी लिहितो, नाहीतर डोकं फुटेल. आम्ही सगळे उभे राहिलो. मी मधोमध खुर्चीत. फोटोग्राफर तयार. इलेक्ट्रिशियन उशिरा उगवला, स्टुलावर चढला, पंखा हाताने फिरवून पाहिला, उतरला आणि बटणापाशी गेला. म्हणाला, पंख्याला काय धाड भरलीय? बटण बंद करून वर चिकटवून ठेवलंय कोणीतरी. आणि नखाने चिकटपट्टी सोलायला लागला. एक निघाली, तिच्याखाली दुसरी, पिवळी पडलेली, तिच्याखाली आणखी एक. मोठ्या बाई म्हणाल्या, अहो, थांबा! त्याने बटण दाबलं.

केस विस्कटले नाहीत. डब्यावर लिहिलं होतं ते खरं होतं. एकही केस दुसऱ्यापासून सुटला नाही. सगळे मिळून उभे राहिले, डाव्या कानापाशी बिजागरी असावी तसे. डब्याचं झाकण उघडावं तसं डोकं उघडलं.

नव्या बाईने फाइल पुढे केली, शिपाई बटणाकडे धावला, मोठ्या बाईंनी दोन्ही हात माझ्या डोक्याकडे नेले. त्याच क्षणी फ्लॅश उडाला.

२३ मे

चौकशी केली. दार लावून घेतलं आणि मोठ्या बाईंना उभं करून विचारलं.

म्हणाल्या, हो, मीच लावली पट्टी. त्या दिवशी मोठ्या साहेबांसमोर झालं ते आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. तुम्ही दिवसभर फाइल खाली ठेवली नाहीत. जेवणाचा डबा तसाच भरलेला घरी नेलात. मला राहवलं नाही. दर उन्हाळ्याला पट्टी सुटते, मग वरून नवी लावते.

मी ओरडलो. कंपनीच्या मालमत्तेशी छेडछाड! चार वर्षं माझ्याशी खोटं! केसाने गळा कापलात माझा! म्हटल्यावर माझं मलाच ऐकू आलं आणि आणखी राग आला. त्या शांतपणे म्हणाल्या, उकडायचं थोडं, पण सवय झाली. नव्या बाईला सांगितलं तर तीही लगेच हो म्हणाली.

बाहेर जाऊन शिपायावर ओरडलो. त्याने चहा आणून दिला.

२८ मे

फोटो लागला. फोटोग्राफर म्हणाला, दुसरा काढायला तुम्ही थांबलाच नाहीत, खोलीतून गेलात. कॉरिडॉरमधल्या बाकीच्या फोटोंत माणसं सरळ उभी आहेत, हात खाली. आमच्या फोटोत मी तोंड उघडून बसलोय, झाकण वर, आणि तीन माणसं माझ्या डोक्यासाठी धडपडताहेत. तिघांच्याही काखा घामाने भिजलेल्या.

संकल्प: त्या कॉरिडॉरने जायचं नाही. मागच्या जिन्याने वर.

३० मे, सुट्टीची दुपार

लोकांच्या चुका लोकांनी भोगाव्यात. आज ठरवलं, निदान त्या रेग्युलेटरच्या कंपनीला तरी सोडायचं नाही. तक्रारीला मॉडेल नंबर लागतो. बायको झोपली होती, कन्या मैत्रिणीकडे. म्हणजे ओरडायला कोणी नव्हतं. खुर्ची घेतली, रबरी चप्पल घातली, डोळे मिटले आणि बटणाला हात लावला.

शॉक बसला नाही.

नंबर खालच्या बाजूला असेल म्हणून बटण फिरवलं. दोन. कट असा बारीक आवाज. तीन. चार. पाच. लोण्यासारखं फिरलं. पंखा असा सुटला की भिंतीवरचं कॅलेंडर उडालं.

मी खुर्चीवरच उभा होतो. ओरडायला तोंड उघडलं होतं. घरात सुद्धा? माझ्याच घरात? किती वर्षं? चांगली शब्दांची जुळवाजुळव झाली होती.

बायकोने कूस बदलली. मानेवर घाम होता, तिथले आखूड केस चिकटले होते, ते वाऱ्याने सुटे झाले. डोळे न उघडताच म्हणाली, अहो, एकावर करा, केस उडतील तुमचे.

उकडतं म्हणून कापले म्हणाली होती. पंखा लावायचा ना, असं मी ओरडलो होतो.

मी म्हणालो, राहू दे. रेग्युलेटर दुरुस्त केला मी. ती म्हणाली, बरं झालं. आणि लगेच झोपली. इतकी गाढ झोपलेली तिला मी उन्हाळ्यात पाहिलेली नाही.

उद्या सलूनवाल्याकडे जाईन. किंवा परवा. त्याचं काय चुकलं होतं तसं? टक्कल पडलंय, तेवढंच तो म्हणाला. तेवढंही नाही म्हणाला.

पंखा पाचावर आहे. अक्षर वेडंवाकडं येतंय, कारण वही घसरतेय. ती धरायला हात मोकळा नाही. उजव्याने लिहितोय, डावा डोक्यावर आहे.