आवाज नसलेली गाडी

आबा, गाडी घेतली. डिझेलची नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा काय तो राग एकदाच होऊन जाईल. पेट्रोलवर चालते आणि बॅटरीवरही, दोन्ही एकाच गाडीत. हायब्रिड म्हणतात तिला. वायर लावून चार्ज करायची भानगड नाही. ब्रेक दाबला, उतार लागला, की चालता चालता स्वतःच बॅटरी भरून घेते. तुम्ही म्हणाला असता, "असं कुठं असतंय व्हय?" मीही शोरूममधल्या माणसाला हेच विचारलं होतं.

गाडी घ्यायला कारण तुमची नात. तुम्ही गेलात तेव्हा दुसरीत होती, आता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. सातव्यातच तिचं बीपी वर जायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, डोकं दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, की वाट बघायची नाही, थेट कोल्हापूर गाठायचं. आपण वारणानगरला. ह्यांचे डोळे साखरेनं अधू झालेत, त्यांना स्टिअरिंगला हात लावायची बंदी. जावई पुण्यात नोकरीला. उरले कोण, तर मी. आणि दारात आमची जुनी डिझेल गाडी, जी मनात असेल तर चालू होणार, नसेल तर नाही. तेव्हापासून भाजीत मीठ दोनदा पडतंय, फोन वाजला की हातातलं टाकून धावतेय.

मग घरात रोज वाद. जावई फोनवरून म्हणायचे, "आई, इलेक्ट्रिकच घ्या. घरी चार्ज करायची, धूर नाही, आवाज नाही, खर्चही कमी." त्यात खोटं काही नव्हतं हो. पण मला महापुराचे दिवस आठवायचे, दिवसचे दिवस लाइट नव्हती. ऐन वेळी लाइट गेलेली आणि गाडी चार्ज नाही, एवढं नुसतं मनात आलं तरी मी नको म्हणायचे. ह्यांचा जीव सीएनजीवर. स्वस्त, कबूल. पण पंपावर ही लांब रांग, वर गॅस भरताना गाडीतल्या सगळ्यांना खाली उतरवतात. अवघडलेल्या पोरीला पावसात उभी करू? आणि डिकीत सिलिंडर बसल्यावर बाळंतपणाच्या पिशव्या काय डोक्यावर घेऊ? डिझेल आपल्या ओळखीचं, ओढीला वाघ, पण जुन्या गाडीत बसली की पोरीला त्या वासानं आणि थरथरीनं उमळून यायचं. हायब्रिडचंही सगळं गोड नाही. साध्या पेट्रोल गाडीपेक्षा महाग, हायवेला सुसाट पळवली तर फायदा तेवढा दिसत नाही, आणि पुढंमागं बॅटरी बदलावी लागली तर काय, ह्याचं उत्तर कुणी धड देत नाही. पण पेट्रोल कुठल्याही पंपावर मिळतं आणि एका टाकीत गाडी लांबवर जाते. ह्या एका गोष्टीवर मी अडून बसले. हे म्हणाले, "लेकीचं लग्न ठरवताना बी एवढा इचार केला न्हवतास की!"

अडून बसायला शिकवलं तुम्हीच. तुम्ही कारखान्याच्या दवाखान्याची ॲम्ब्युलन्स चालवत होता. अजून दिसतं मला, सकाळी चहाच्या आधी तुम्ही गाडी चालू करता, बॉनेटवर पंजा ठेवून उभे राहता, मान थोडी तिरकी. टाकी अर्ध्याच्या खाली आलेली तुम्हाला खपत नाही, मग तो सण असो नाहीतर सुट्टी. मी कॉलेजला होते तेव्हा तुमची स्कूटर रिझर्व्हवर आणून लावली आणि वर म्हणाले, "आलीय की घरापर्यंत, नशीब एवढं वाईट न्हाई." केवढे भडकलात! "नशिबावर गाडी चालत न्हाय, तेलावर चालतीया!" आणि ती स्कूटर अख्ख्या कॉलनीसमोरून मला पंपापर्यंत ढकलत न्यायला लावलीत. मी रडत पुढं, तुम्ही मागून चालत, हात मात्र लावला नाहीत. त्याच सुट्टीत मला जीप शिकवलीत. "डोळं झाक. आता सांग, इंजिन काय म्हणतंय?" मी कानांनी गाडी शिकले, आबा. अजूनही काटा अर्ध्यावर आला की मी पंपावर हजर. ह्या गाडीचा काटा तर हलता हलत नाही. पंपावरचा माणूस हसतो, "आवो मावशी, परवाच भरलासा न्हवं? पाण्यागत पिताय का काय पेट्रोल?"

आणि त्या कानांनीच गेल्या आठवड्यात घात केला. दुपारची वेळ, पावसाची रिपरिप. पोरगी भिंतीला धरून म्हणाली, "आई, डोळ्यांपुढं कायतरी चमकतंय." मी पिशवी उचलली. तिला मागं बसवलं, हे पुढं बसले, मी ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही. पुन्हा. वाटलं, संपलं, एवढं शहाणपण करून घेतलेली गाडी नेमकी आज मेली. हे ओरडले, "अगं, बटणाशी काय खेळत बसलीयास?" मागून पोरगी म्हणाली, "आई, चालू होतीया गं गाडी! तूच परत बंद करालीयास. हिरवा दिवा बघ की!" बॅटरीवर असली की ही गाडी हूं की चूं करत नाही, हे मला शोरूममध्ये सांगितलं होतं, वापरूनही महिना होत आला होता. पण भीतीच्या वेळी मी इंजिन बोलायची वाट बघत बसले. दिवा बघून निघाले. कोल्हापूरच्या अलीकडं शिरोलीला ट्रॅफिक तुंबलेलं, गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. आजूबाजूचे ट्रक धूर ओकत होते आणि आमची गाडी इंजिन बंद ठेवून गुपचूप पुढं जात होती. आरशात पाहिलं तर पोरीनं डोळे मिटलेले. "झोपली का गं?" विचारलं, तर म्हणाली, "न्हाई. बरं वाटतंय, हादरे न्हाईत. तू बोलू नगंस, चालव."

दवाखान्यात दोन दिवस ठेवून घेतलं, गोळ्या वाढवल्या, घरी सोडलं. आता आतल्या खोलीत निजली आहे. कधीही निघावं लागेल. मी सारखी अंगणात जाते, चालू करते, दिवा बघते, बंद करते. हे म्हणतात, बटण झिजंल.

सगळ्यांना मी सांगते, हायब्रिड का घेतली. पेट्रोल कुठंही मिळतं, हादरे नाहीत, लाइट गेली तरी अडत नाही. सगळं खरं आहे. पण एक गोष्ट ह्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "एकाएकी त्रास झाला तर घरात गाडी चालवणारं कोण आहे?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमचे आबा आहेत की." त्या बरं म्हणाल्या. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पिशवी उचलली. मीही ते दुरुस्त केलं नाही.