लोट्याच्या मापाची टोपी

लष्करी इस्पितळ, पुणे
१२ जानेवारी १९४४

म्हसावद गावी सौ. धनुबाईस भरभरून आशीर्वाद.

मन्ही टोपी जमनी बरं! जमली एकदाची!

पाय सुधारतोय. पलंगावर बसून आकडीच्या सुईने लोकर विणायला शिकलो. आधी दर फेरीला टाके वाढवत गेलो, तर टोपीची भाकरीच झाली! वाढवणं थांबवलं, तशी ती खाली वळली.

तान्हं मूल मापू नये, असं म्हणत आईने तुला त्याच्या डोक्याला दोरा लावू दिला नाही. पण मी अजून न पाहिलेल्या आपल्या पोराचं डोकं लहान लोट्याएवढं, असं तू कळवलंस. इथल्या लोट्याला टोपी अशी चपखल बसली की शेजारचे जखमी टाळ्या पिटू लागले!

कपाशी वेचून झाली का? आईचा खोकला कसा आहे?

टोपी सोबत पाठवतोय. मी येईपर्यंत ती पोराला घट्ट झाली, तर मला दाखवू नकोस.

हिंमतराव